वाऱ्याच्या विजेचा प्लॅन, वर्षभर वापरून: वीज चोख, जाहिरात फुगवलेली

आधी स्टार सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक इथूनच सुटतील. वाऱ्याच्या विजेला पाचपैकी साडेचार, ज्या प्लॅनमधून ती मला विकली त्याला तीन, आणि त्या प्लॅनच्या ॲपला एक, तोही फक्त मीटर रीडिंग बरोबर दाखवतं म्हणून. किमतीबद्दल लिहीत नाही, ती प्रत्येकाची वेगळी असते, मला बोलायचंय ते त्या "शून्य प्रदूषण" वाल्या दाव्याबद्दल.

झालं असं की वर्षापूर्वी वीज कंपनीचा मेल आला, शंभर टक्के वारा, शून्य प्रदूषण, खाली हिरवंगार माळरान आणि त्यावर दुधासारखी पांढरी पवनचक्की. मी फोटोला भुलणारी बाई आहे हे आधीच कबूल करते. क्लिक केलं, दोन ओटीपी टाकले, झालं. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर मिक्सर तसाच ओरडतोय, गीझर तसाच तापतोय, काहीच बदललं नाही. बदलणारही नव्हतं म्हणा, कारण वायर तीच आणि ग्रिड तेच. ग्रिड म्हणजे एक भली मोठी टाकी समजा, कोळसावाला, वारावाला, धरणवाला सगळे त्यात पाणी ओततात आणि आपण सगळे खालच्या नळाला तोंड लावून बसलेलो, आता माझ्या नळाला आलेला थेंब कोणाचा हे कोण सांगणार. प्लॅनचा अर्थ एवढाच की मी जेवढी वीज वापरली तेवढी वाऱ्याची वीज वर्षभरात कधीतरी कुठेतरी टाकीत पडली आणि तसं सर्टिफिकेट कंपनीने माझ्या नावावर लावलं. हे "कधीतरी कुठेतरी" लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पण मुळात प्रश्न असा की कोळशाऐवजी वारा असल्याने खरंच किती फरक पडतो? माझा बारा महिन्यांचा वापर २,४०० युनिट निघाला, म्हणजे महिन्याला दोनशे. हवामान बदलावर काम करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती आहे ना, आयपीसीसी, तिने २०१४ च्या अहवालात प्रत्येक प्रकारच्या विजेचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशोब दिलाय, म्हणजे खाण, कारखाना, वाहतूक, चालवणं, मोडणं सगळं धरून. त्यात कोळशाच्या एका युनिटमागे साधारण ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि जमिनीवरच्या पवनचक्कीच्या युनिटमागे ११ ग्रॅम, समुद्रातलीच्या मागे १२. आता माझे २,४०० युनिट लावा. कोळशावर जवळपास दोन टन. वाऱ्यावर २६ किलो. पहिल्यांदा मला वाटलं पॉइंट चुकीच्या जागी दिलाय म्हणून कॅल्क्युलेटर परत मारला, नाही, बरोबरच आहे.

दोन टन ऐकून घरात पहिला प्रश्न हाच आला की एवढा कोळसा तरी जळतो का आपल्यासाठी. नाही जळत, साधारण सव्वा टन जळतो, प्रत बरी-वाईट असेल तसा कमीजास्त, पण ढोबळ मानाने युनिटला अर्धा किलो धरा. मग गॅस कोळशापेक्षा जड कसा? कारण कार्बनचा अणू १२ वजनाचा, तो जळताना हवेतले १६-१६ चे दोन ऑक्सिजन पकडतो आणि ४४ चा होऊन बाहेर पडतो. म्हणजे एक किलो शुद्ध कार्बन जाळला की पावणेचार किलोच्या आसपास गॅस. शाळेत हे शिकलो होतो सगळे, फक्त आपल्या गीझरशी कोणी जोडून दाखवलं नव्हतं.

आणि ही फक्त गॅसची गोष्ट झाली. माझे मामा आयुष्यभर कोळशाच्या प्लांटमध्ये ॲश हँडलिंगला, म्हणजे राख हलवायच्या कामाला होते, लहानपणी सुट्टीत त्यांच्या क्वार्टरला जायचो. मामी कपडे वाळत घालायच्या आधी दोरी ओल्या फडक्याने पुसायची, रोज, न चुकता, आणि फडकं पिळलं की बादलीत सिमेंट कालवल्यासारखं पाणी. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की बोटाला करडी, पिठासारखी बारीक पूड लागायची, चोळली तर गुळगुळीत. आम्ही त्यात नावं लिहायचो. मला वाटायचं ती त्या रुंद, कमरेत बारीक टॉवरमधून निघणाऱ्या पांढऱ्या ढगांतून येते, तेव्हा मामा हसले, "अगं वेडे, ती नुसती वाफ, पाणी थंड करतात त्याची. ढग दिसतो त्याला घाबरू नकोस, त्या उंच चिमणीतून येतं आणि दिसत नाही ना, त्याला घाबर."

मामांचं म्हणणं आज कळतं. चिमणीच्या आधी विजेचा भार दिलेल्या पत्र्यांची भिंत असते, ईएसपी म्हणतात, ती धड चालली तर ९९ टक्क्यांहून जास्त राख धरून ठेवते. उरलेला एखादा टक्का वजनाला कमी पण तोच सगळ्यात बारीक, अडीच मायक्रॉनच्या खालचा, नाकात अडकत नाही, सरळ फुप्फुसात खोल जातो. सल्फर डायऑक्साइड ईएसपीत अडकतच नाही, त्याला चुनखडीने धुवून काढायचं वेगळं युनिट लागतं आणि ते सगळीकडे बसवलेलं नसतं. पारा तर वाफ होऊनच जातो, पुढे कुठेतरी पाण्यात उतरतो, तिथे जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात आणि छोट्या माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना ते साठत जातं. पाऱ्यावर २०१३ मध्ये जो मिनामाता करार झाला त्यात कोळशावरच्या वीज प्लांटचं नाव स्पष्ट लिहिलंय, उगाच नाही.

आणि धरलेल्या राखेचं काय होतं? थोडी सिमेंटमध्ये जाते, विटांमध्ये जाते, ते चांगलंच आहे, उरलेली पाण्यात कालवून तलावात सोडतात. मामांची ड्युटी तीच. माझ्या सव्वा टन कोळशातून कोळसा उत्तम असेल तर सव्वाशे किलो आणि भरपूर राखेचा असेल तर चार-पाचशे किलो राख निघते, दर वर्षी, एका घराची, आणि त्यात आर्सेनिक, शिसं, सेलेनियम असलं सगळं थोडं थोडं असतं. बांध फुटला तर काय होतं ते अमेरिकेत टेनेसीच्या किंग्स्टनला २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्री दिसलं, ११० कोटी गॅलन राखेचा चिखल नदीत आणि घरांत घुसला. पवनचक्की कोसळली तर बातमी होते, व्हिडिओ फिरतो, पण शेजारच्या नदीचं काही बिघडत नाही.

पाणी हा मुद्दा तर कोणी काढतच नाही. कूलिंग टॉवरवाला कोळशाचा प्लांट युनिटला साधारण दोन लिटर पाणी वाफ करून उडवतो, म्हणजे माझ्या वर्षाचे चार-पाच हजार लिटर. पवनचक्कीला चालायला पाणी लागतच नाही, पाती पावसाने धुतली जातात. दुष्काळात नदी आटली की कोळशाचे प्लांट बंद ठेवावे लागतात, हे लक्षात घेतलं तर "कोळसा भरवशाचा आणि वारा लहरी" हे वाक्य ऐकायला जरा गंमत वाटते.

आता प्रत्यक्ष बघितल्याचं सांगते. कंपनीने ग्राहकांसाठी पवनचक्कीची भेट ठेवली होती, ही एक गोष्ट मात्र झकास केली. लांबून ती पाती इतकी आळसटल्यासारखी फिरतात की वाटतं हिच्यावर काय माझा गीझर चालणार. खाली जाऊन मान वर केली आणि पोटात गोळाच आला. प्रत्येक फेऱ्याला तीनदा सूंऽ, सूंऽ, सूंऽ, पातं अंगावर येतंय असं वाटून दोघं-तिघं तर खाली वाकले. पात्याचं टोक ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरने जात असतं, आपल्याला दिसतो तो संथपणा निव्वळ आकारामुळे. आवाज म्हणाल तर बुडाशी ऐकू येतो पण बोलायला ओरडावं लागत नाही, आणि तीन-साडेतीनशे मीटरवर गेल्यावर फ्रिजच्या घरघरीइतका राहिला. खालीच कोणीतरी पीक घेतलेलं, अगदी टॉवरच्या पायथ्यापर्यंत. कोळशाच्या खाणीवर हे करून दाखवा.

पण तिथेच मला टॉवरवर वरून खाली आलेला एक काळपट ओघळ दिसला. मी तिथल्या टेक्निशियनला विचारलं, तो बिचारा सरळ माणूस, म्हणाला, "गिअरबॉक्सचं तेल आहे मॅडम, वर काही शे लिटर असतं, सील गेलं होतं, बदललंय." मग मी विचारत सुटले आणि तो सांगत सुटला. पायाला शेकडो टन काँक्रीट. टॉवरला स्टील, आणि स्टील बनतं बहुतेक करून कोळशावरच. काही मॉडेलमध्ये, समुद्रातल्यांमध्ये तर जास्तच, निओडिमियम नावाच्या धातूची चुंबकं असतात आणि ते खणून काढताना घाण बरीच होते. वीज चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे स्विचगिअरमध्ये, एसएफ६ नावाचा गॅस असतो, तो गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या तेवीस-चोवीस हजार पट तापवतो, अर्थात हा गॅस कोळशाच्या प्लांटच्या स्विचयार्डातही असतोच. तर ते ११ ग्रॅम इथून येतात. आणि खरं सांगायचं तर हे ऐकून माझा विश्वास वाढला! कारण एवढं सगळं धरूनही आकडा ११ च आहे, आणि बांधायला गेलेली ऊर्जा पवनचक्की बरीशी जागा असेल तर वर्षाच्या आत परत देते, पुढची वीसेक वर्षं नफ्याची. मग "शून्य" का छापता बाबांनो? ११ छापा की, शेजारी ८२० लिहा, कुठलाही शहाणा माणूस स्वतःच येईल.

पक्षी. हा मुद्दा फॅमिली ग्रुपवर टाकला की पाच मिनिटात कोणीतरी पक्ष्यांवर येतंच, आणि तेच लोक काचेच्या इमारतींबद्दल अवाक्षर काढत नाहीत. पण मुद्दा खोटा नाही. गरुडासारखे मोठे पक्षी वर्षाला एखादंच पिल्लू वाढवतात, त्यातले चार मेले तरी फटका बसतो, म्हणून जागा कुठली निवडली हेच महत्त्वाचं. नॉर्वेत स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांचं तीनपैकी एक पातं काळं रंगवून बघितलं, २०२० मध्ये निकाल आला, पक्षी मरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास घटलं. प्रयोग छोटा होता, चारच पवनचक्क्या, त्यामुळे नाचायला नको, पण रंगाचा एक डबा काय करू शकतो बघा. वटवाघळं मंद वाऱ्याच्या रात्री जास्त मरतात, तेव्हा त्या वेळी पाती थोडी उशिरा सुरू केली की मृत्यू निम्म्यावर येतात आणि वीज अगदी नगण्य बुडते. म्हणजे उपाय आहेत, करायची इच्छा हवी. माझ्या प्लॅनवाल्यांना विचारलं तुम्ही यातलं काय करता, तर चॅटवर उत्तर आलं, "आम्ही निसर्गप्रेमी आहोत." बरं.

माणसांचंही मोजलेलं आहे, जरा निर्दयी वाटतं पण सांगते. अवर वर्ल्ड इन डेटा नावाच्या आकडेवारीच्या वेबसाइटने अपघात आणि हवेचं प्रदूषण दोन्ही धरून काढलंय, शंभर कोटी युनिटमागे कोळशाने साधारण २५ मृत्यू आणि वाऱ्याने ०.०४. मामा रिटायर झाल्यापासून खोकतात. ते सिगारेटही ओढायचे, त्यामुळे मी सगळं खापर राखेवर फोडत नाही, पण मामी ओढत नव्हती आणि इनहेलर तिच्याकडेही आहे.

पात्यांचं रडगाणं मात्र खरं आहे. पवनचक्कीचा ८५-९० टक्के भाग, स्टील, तांबं वगैरे, परत वितळवता येतो, पण पाती काचतंतू आणि इपॉक्सीची, चिकटवलेली एकजीव गोष्ट, सुटी होता होत नाही. अमेरिकेत कॅस्परच्या कचरा डेपोत कापलेली पाती ओळीने पुरतानाचे फोटो बघितले असतील तुम्ही. सिमेंटच्या भट्टीत वापरतात काही ठिकाणी, आणि २०२१ पासून विरघळवता येणाऱ्या राळेची पातीही निघालीयेत, पण जुन्यांचं काय हा प्रश्न आहेच, अर्धा स्टार तिथेच कापलाय मी. तरी माझ्या चार-पाचशे किलो राखेसमोर तो पात्याचा तुकडा ठेवून बघते तेव्हा वाटतं, विष न पाझरणारा कचरा परवडला.

एक जण कमेंटमध्ये हमखास लिहिणार, पवनचक्की वाऱ्यातली चाळीसेक टक्केच ऊर्जा घेते, मग काय उपयोग. घेतेच, आणि बेट्झचा नियम आहे की ५९.३ टक्क्यांच्या वर कोणालाच घेता येत नाही. पण कोळशाचा प्लांट तरी काय करतो, जुना असेल तर एक तृतीयांश, अगदी नवा असेल तर ४५ टक्क्यांपर्यंत. फरक उरलेल्याचा आहे. कोळशाची उरलेली ऊर्जा म्हणजे जाळून वाया गेलेला कोळसा, त्याचा धूर झाला, राख झाली, नदी तापली. वाऱ्याची उरलेली ऊर्जा म्हणजे पुढे गेलेला वारा.

आता त्या "कधीतरी कुठेतरी" कडे येते, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते आणि निम्मा झाला की आठव्या हिश्श्यावर येते, इतका हा मामला तिखट. सेकंदाला तीन-चार मीटरच्या खाली पाती वीज देत नाहीत आणि पंचवीसच्या वर स्वतःला वाचवायला बंद होतात. म्हणजे वारा पडलेल्या संध्याकाळी माझा गीझर चालतो तो दुसऱ्याच कोणावर तरी, बऱ्याचदा कोळशावरच. कंपनी वर्षाचा हिशोब जुळवते, तासाचा नाही. ॲप मात्र त्या पडलेल्या संध्याकाळीसुद्धा हिरवं पान नाचवत "तुम्ही आत्ता वाऱ्यावर चालताय" म्हणतं, हे धादांत खोटं आहे. आणि दुसरं, मी खोदून काढलं तेव्हा कळलं की माझी सर्टिफिकेटं कधीच्या जुन्या पवनचक्क्यांची आहेत, ज्या माझ्याशिवायही फिरतच होत्या. म्हणजे माझ्या साइन-अपमुळे कोळशाचा एक ढेकूळही कमी जळला का, हे छातीठोक सांगता येत नाही. मेल केला, उत्तर आलं की विषय संबंधित विभागाकडे पाठवलाय. मार्चमध्ये.

म्हणून प्लॅनला तीन आणि विजेला साडेचार. कारण देशाच्या पातळीवर कोळसा खरंच कमी होतो, हे ब्रिटनने दाखवलंय. १८८२ साली लंडनच्या हॉलबर्न व्हायडक्टला कोळशावरची वीज सुरू झाली, २०१२ मध्येसुद्धा त्यांची ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफचा, म्हणजे त्यांचा शेवटचा कोळशाचा प्लांट बंद झाला. मध्ये नैसर्गिक वायू, सोलर, बाहेरून आणलेली वीज असं बरंच काही होतं, सगळं श्रेय वाऱ्याचं नाही, पण मोठा वाटा त्याचाच. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला समुद्रात जगातला पहिला पवनचक्क्यांचा समूह उभा केला, अकरा पवनचक्क्या, सगळ्या मिळून जेमतेम पाच मेगावॉट, आज एकटी पवनचक्की पंधरा मेगावॉटची येते आणि त्या देशाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आहे.

घ्यायचा असेल असला प्लॅन तर साइन-अप करायच्या आधी दोन गोष्टी लेखी मागा, कुठली पवनचक्की आणि ती कोणत्या साली चालू झाली, आणि हिशोब वर्षाचा की तासाचा. मी जुना प्लॅन सोडून दुसऱ्या कंपनीचा घेतलाय, त्यांनी पवनचक्कीचं नाव आणि चालू होण्याचा महिना थेट करारावर छापलाय, तासाचा हिशोब अजून ते पण देत नाहीत, पण ॲपमध्ये वारा पडला की पान करडं होतं. काल रात्री आठला बघितलं तर करडं होतं. गीझर बंद केला, सकाळी लावला.